तालुक्याला डॉक्टर किती, आणि कशाचे?

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



शेतीमालाच्या भावाची सभा, तिथं डॉक्टरांचा विषय कशाला, असं मघाशी दोघा-तिघांनी विचारलं. आपण गावोगाव फिरतो तेव्हा कर्ज कशासाठी काढलं हा प्रश्न हटकून निघतो. बियाणं, खत, बोअर, मुलीचं लग्न, आणि त्यांच्याच रांगेत दवाखाना. चार महिने राबून पिकवलेल्या सोयाबीनची पट्टी शहरातल्या एका दवाखान्यात दोन दिवसांत संपते. सरकारचाच हिशेब आहे : २०२१-२२ साली देशात आरोग्यावर जो एकूण खर्च झाला, त्यातले ३९.४ टक्के लोकांनी थेट आपल्या खिशातून भरले. २०१३-१४ साली हे प्रमाण ६४.२ टक्के होतं. कमी झालं हे मान्य करू. पण शंभरातले एकोणचाळीस रुपये ज्याच्या खिशातून जातात, त्याला या विषयावर बोलण्याचा हक्क आहे.

मी शेतीचा पदवीधर. औषधपाण्याबद्दल बोलण्याचा मला अधिकार नाही. मी बोलणार आहे ते पीकरचनेबद्दल. डॉक्टरांचीही पीकरचना असते आणि ती गेल्या तीस-चाळीस वर्षांत पार बदलून गेली आहे.

आधी एक गैरसमज काढून टाकू. देशात डॉक्टर कमी तयार होतात म्हणून आपल्याकडे येत नाहीत, असं सांगितलं जातं. २०१४ साली देशात एमबीबीएसच्या ५१,३४८ जागा होत्या. २०२४ पर्यंत त्या १ लाख १२ हजारांवर गेल्या. त्यापुढच्या पदव्युत्तर जागा ३१,१८५ होत्या, त्या ७२ हजारांवर गेल्या. म्हणजे दहा वर्षांत पीक दुप्पट झालं. आता आपल्या आवारात काय आलं ते बघा. अनेक गावांचा भार असलेलं जे ग्रामीण रुग्णालय आपल्या तालुक्यात असतं, तीस खाटांचं, त्याला दिल्लीच्या कागदावर सामुदायिक आरोग्य केंद्र म्हणतात. सपाट भागात १ लाख २० हजार लोकवस्तीला एक, डोंगरी-आदिवासी भागात ८० हजारांना एक. तिथं चार तज्ज्ञ हवेत : सर्जन, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीत देशभरातल्या ग्रामीण केंद्रांचा हिशेब दिला आहे. गरजेच्या मानानं सर्जन ८३.२ टक्के कमी, बालरोगतज्ज्ञ ८१.६ टक्के कमी, फिजिशियन ७९.१ टक्के कमी, स्त्रीरोगतज्ज्ञ ७४.२ टक्के कमी. शंभर खुर्च्या मांडल्या आणि वीस-एकवीस माणसं बसली. पेरा दुप्पट, आणि आपल्या खळ्यावर पाचवा हिस्सासुद्धा जेमतेम.

यात शेतीशास्त्रातला एक नियम लागू पडतो. लिबिग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या नावानं तो ओळखला जातो. पिकाला नत्र, स्फुरद, पालाश भरपूर दिलं, पण जस्त कमी पडलं, तर उत्पन्न जस्ताच्या मापानं येतं. जे सर्वांत कमी, ते उतारा ठरवतं. रात्री दोन वाजता बाई अडली, सिझेरियन करावं लागणार. त्याला स्त्रीरोगतज्ज्ञ हवा, भूल देणारा डॉक्टर हवा, बाळाला बघणारा हवा आणि रक्त हवं. बाकीचे हजर आणि भूलतज्ज्ञ नाही, तर त्यांचा पगार त्या रात्री वाया. बाईला गाडीत घालून जिल्ह्याला पाठवायचं. बाळंतपणातला रक्तस्राव तासा-दोन तासांत जीव घेतो, आणि आपल्या कितीतरी वाड्या-वस्त्यांपासून जिल्ह्याचं गाव त्याहून लांब आहे. अमुक इतकी पदं भरली असं मंत्री सभागृहात सांगतात तेव्हा विचारायचं ते हे : एकाच ठिकाणी हे सगळे एकत्र किती रुग्णालयांत आहेत? सुट्या सुट्या पदांच्या बेरजेनं बाई वाचत नाही.

ही रचना बदलली कशी, हे थोडं मागं जाऊन बघावं लागेल. स्वातंत्र्याच्या तोंडावर देशात नोंदलेले डॉक्टर होते ४७,५२४. त्यातले २९,८७० लायसेन्शिएट, म्हणजे पदवी नव्हे तर कमी मुदतीचा अभ्यासक्रम करून आलेले. आपल्या मुंबई इलाख्यात त्यांना एलसीपीएस म्हणत. म्हाताऱ्या मंडळींना ही अक्षरं पाटीवर वाचलेली आठवत असतील. १९४६ च्या भोर समितीनं हे अभ्यासक्रम बंद करून एकच दर्जाचा पदवीधर डॉक्टर तयार करावा असं सुचवलं. हेतू चांगला होता : खेड्याला दुय्यम डॉक्टर का? पण झालं असं की दुय्यम गेला आणि पहिल्या दर्जाचा आला नाही.

तरीही पुढं बरीच वर्षं तालुक्याला एक व्यवस्था उभी राहिली होती. एमबीबीएस झालेला फॅमिली डॉक्टर सायकलवर, मग स्कूटरवर. नवरा सर्जन आणि बायको स्त्रीरोगतज्ज्ञ, खाली दवाखाना आणि वर घर. त्यातले कितीतरी दोन वर्षांची पदविका घेतलेले, डीजीओ, डीसीएच, भूल देणारे डीए. ही माणसं आपल्या बाजारपेठेची होती. आज ती साठी ओलांडत आहेत आणि त्यांची मुलं डॉक्टर झाली तरी त्या दवाखान्यात बसायला येत नाहीत. पदविकेच्या जागांचं २०१८ नंतर मोठ्या प्रमाणावर पदवीच्या जागांत रूपांतर झालं. मग राष्ट्रीय परीक्षा मंडळाला २०२० साली आठ विषयांत दोन वर्षांची पदविका पुन्हा सुरू करावी लागली. बी मोडून खाल्लं आणि मग बी शोधत फिरले, त्यातला हा प्रकार.

आता वरच्या क्रमांकाची पोरं काय निवडतात? क्ष-किरण आणि सोनोग्राफीचं शास्त्र, त्वचारोग, मेडिसिन. मेडिसिनसुद्धा बऱ्याचदा पुढं हृदयरोगाकडं जाण्याची पायरी म्हणून. दुसऱ्या टोकाला शरीररचनाशास्त्र, जीवरसायनशास्त्र अशा विषयांच्या जागा रिकाम्या. २०२१ च्या प्रवेशात सगळ्या फेऱ्या होऊनही देशात १,४५६ जागा उरल्या आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०२३ साली तर पात्रतेची रेषा शून्य पर्सेंटाइलवर आणली, परीक्षेला बसला तो पात्र! आणि उद्याच्या डॉक्टरला पहिल्या वर्षी शिकवणारे मास्तर याच रिकाम्या विषयांतून यायचे असतात.

यावर आपल्यातले काही लगेच म्हणतील, डॉक्टर पैशाच्या मागं लागले. मला हे बोलणं पटत नाही. पाणी आलं आणि आपण ज्वारी-बाजरी सोडून उसाकडं वळलो तेव्हा शहरातले शहाणे आपल्याला हेच म्हणत होते. शेतकरी लोभी नव्हता, ज्वारीला भाव नव्हता. फॅमिली डॉक्टर ही वैद्यकीतली ज्वारी आहे. रोग्याला पंधरा मिनिटं देऊन, पोट तपासून, तुला काही झालं नाही, सोनोग्राफी नको, असं सांगणाऱ्याला आपण किती देतो? पन्नास, शंभर. आणि मशीनच्या कागदाला निमूट हजार-दीड हजार. सरकारचंही तेच. महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजना चांगली, तिनं आपल्यातल्या पुष्कळांची ऑपरेशनं केली. पण ती पैसे देते दाखल होऊन घेतलेल्या ठरावीक उपचारांचे. साखर आणि रक्तदाब वर्षानुवर्षं ताब्यात ठेवून ज्या डॉक्टरनं रोग्याचं मूत्रपिंड वाचवलं, त्याला या योजनेतून एक रुपया मिळत नाही. मूत्रपिंड गेल्यावर डायलिसिस करणाऱ्याला मिळतो. भाव ज्याला, पेरा त्याचा.

दुसरं कारण भीतीचं. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. निकाल योग्यच होता. पण एकट्यानं दवाखाना चालवणारा तेव्हापासून अवघड रोगी हातात घेताना कचरू लागला. त्यात रोगी दगावला की काचा फोडणारे आपणच. ज्या डॉक्टरला एकदा दगड बसला तो पुढच्या वेळी अडलेली बाई दारातूनच जिल्ह्याला पाठवतो. हे आपल्या सभेत बोललं पाहिजे, टाळ्या आल्या नाहीत तरी.

मग उपाय म्हणून बंधपत्र. शिक्षण झालं की वर्षभर सरकारी सेवा सक्तीची. आपल्या लोकांना हे ओळखीचं वाटेल, आपण याला लेव्ही म्हणत होतो. लेव्हीच्या धान्यात कधी कुणी चोख माल घातला? वर्ष भरतं, माणूस निघून जातो, आणि गावाला दरवर्षी नवा चेहरा.

जिथं फरक पडला तिथं लेव्ही नव्हती. तमिळनाडूनं सरकारी सेवेतल्या डॉक्टरांना पदव्युत्तर जागांत निम्मा वाटा दिला. आधी खेड्यात काम कर, मग शिक, परत ये. असा वाटा ठेवण्याचा राज्यांचा अधिकार २०२० साली घटनापीठानंही मान्य केला. साध्या एमबीबीएस डॉक्टरला अठरा आठवडे शिकवून जीव वाचवण्यापुरती भूल द्यायला तयार करण्याची योजना केंद्राकडं आहे. म्हणजे ज्या जस्ताअभावी पीक अडलं, ते देण्याचा स्वस्त रस्ता आहे. छत्तीसगडनं २००१ साली तीन वर्षांचा अभ्यासक्रम काढला, डॉक्टरांच्या विरोधानं तो बंद पडला, पण त्यातून निघालेले प्राथमिक केंद्रांत लागले आणि नेहमीच्या आजारांत ते एमबीबीएसवाल्यांना उणे नाहीत असं नंतरच्या पाहणीत दिसलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावच्याच बायकांना शिकवून नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आणले. १९९९ साली ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. त्याच नियतकालिकात १९८६ साली महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध कसं चालतं ते मांडलं. कोकणातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचवानं मरणारी पोरं बघून त्यांनी तो शोध घेतला. एवढं काम सुटंबुटं हॉस्पिटलात बसून झालं नसतं, तिथं विंचू चावलेला पोहोचतच नाही.

आणि बीएएमएस डॉक्टरांबद्दल. २०२० साली आयुर्वेदाच्या शल्य-शालाक्य पदव्युत्तरांना ५८ शस्त्रक्रियांची परवानगी दिली तेव्हा मोठा संप झाला. वादात दोन्ही बाजूंना मुद्दे आहेत. माझं म्हणणं इतकंच की १०८ च्या गाडीत आणि कितीतरी प्राथमिक केंद्रांत आज तेच उभे आहेत. त्यांना काय येतं, काय येत नाही हे ठरवून नीट शिकवा. डोळेझाक करून काम करून घ्यायचं आणि काही बिघडलं की बोगस म्हणायचं, हे चालणार नाही.

आता काम. प्रत्येक तालुक्याच्या कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकायचा. आपल्या ग्रामीण रुग्णालयात कोणतं पद मंजूर, कोण हजर, कधीपासून. भूल देणारं कोण आहे, रात्रीचं कोण आहे. गेल्या वर्षी किती सिझेरियन तिथं झाली आणि किती बायका पुढं पाठवल्या. रक्त साठवण्याची सोय चालू आहे की कुलूप आहे. सर्पदंशाची लस किती कुप्या. उत्तर तीस दिवसांत यायला हवं. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना कागद बरोबर आणा. ज्या तालुक्याचा कागद येणार नाही त्याचं नाव मी मंचावरून वाचून दाखवीन.