मागितले की विचारले?
(गणेशोत्सवाच्या चौथ्या दिवशी मंडळात केलेल्या भाषणाचा मजकूर)

'परभाषा शिकताना' या विषयावर बोला, असा कार्यकारिणीचा आग्रह. हैदराबादेत राहून आपण सगळे कामापुरती तेलुगू शिकलोच आहोत, तेव्हा मी आज स्पॅनिशबद्दल बोलतो. सुरुवात माझ्या फजितीपासून.

मी औषधांच्या निर्यातीत आहे. आमचा बराच माल मेक्सिकोला जातो, म्हणून पन्नाशीत स्पॅनिश शिकायला घेतली. सहा महिन्यांत हुरूप आला. एकदा तिथल्या वितरकाकडून काही कागदपत्रं हवी होती, तर कुणाला न दाखवता मीच ई-मेल लिहिली. वाक्य मनात इंग्रजीत जुळवलं. इंग्रजीत मागायलाही 'आस्क' आणि विचारायलाही 'आस्क'. कोशात 'आस्क'साठी 'प्रेगुंतार' मिळाला, तो उचलला, 'फॉर'च्या जागी 'पोर' लावला. व्याकरण शुद्ध! अर्थ मात्र झाला, 'आम्ही कागदपत्रांची चौकशी केली.' त्यांनी सभ्यपणे कळवलं, कागदपत्रं तयार आहेत. पाठवली नाहीत, मागितलीच कुठे होती? अकरा दिवस माल बंदरात अडकला. डेमरेजचं बिल घेऊन साहेबांसमोर उभं राहताना काय वाटलं, ते इथे सांगत नाही.

मागण्यासाठी शब्द होता 'पेदीर'. आता गंमत पाहा, आपलं लहान मूलसुद्धा आईकडे लाडू 'मागतं' आणि बाबा कधी येणार ते 'विचारतं'. हा फरक मला जन्मापासून येत होता. मधे इंग्रजीचा दलाल घातला आणि तो हरवला.

त्या रात्री मी शब्दांच्या वहीतला इंग्रजीचा रकाना खोडला आणि तिथे मराठी लिहायला बसलो. इंग्रजीत क्रिकेट आणि पेटी दोन्हींना 'प्ले'. स्पॅनिशमध्ये खेळणं 'हुगार' आणि वाजवणं 'तोकार'. चहा 'हॉट' आणि ठेचाही 'हॉट'. स्पॅनिशमध्ये चहा 'कालिएन्ते', ठेचा 'पिकान्ते', म्हणजे आपलं गरम आणि तिखट. पाण्यातला जिवंत मासा 'पेस', पकडून बाजारात आला की 'पेस्कादो'. आपणही मासळीबाजार म्हणतो, मासाबाजार म्हणत नाही. आणि 'मे गुस्ता' तर थेट 'मला आवडतं'!

मराठी सगळीकडे तारून नेते असं नाही. माहिती असणं आणि पोहता येणं यांना 'साबेर', माणूस ओळखणं याला 'कोनोसेर', इथवर ठीक. पण 'मला पुणं माहीत आहे' म्हणताना मी 'साबेर' वापरला आणि चुकलो. गावाला 'कोनोसेर'च लागतं, गावाशीही ओळखच व्हावी लागते.

खरी दमछाक 'सेर' आणि 'एस्तार'ने केली. आपल्याकडे दोन्हींना एकच 'आहे'. शिकवणाऱ्या बाईंनी सोपा नियम दिला: कायमचं ते सेर, तात्पुरतं ते एस्तार. मी विचारलं, मेलेला माणूस? त्याला एस्तार! हैदराबाद तेलंगणात आहे, तेही एस्तार. बाई हसल्या. मग मी माझ्यापुरतं ठरवलं, काय आहे, कसला आहे याला सेर; कुठे आहे, कोणत्या स्थितीत आहे याला एस्तार. यालाही अपवाद आहेत, पण काम भागतं. 'रीको' या शब्दात फरक छान दिसतो. सेर लावला तर माणूस श्रीमंत, एस्तार लावला तर पदार्थ चविष्ट. उद्या मोदकाला चुकून श्रीमंत म्हणू नका, एवढंच.

मारिया मोलिनेर नावाच्या एका ग्रंथपाल बाईंनी घरी बसून, सुमारे पंधरा वर्षं खपून स्पॅनिशच्या प्रत्यक्ष वापराचा कोश केला. १९६६-६७ मध्ये त्याचे दोन खंड निघाले. त्यात एका शब्दाजवळ त्याचे सगेसोयरेही दिले आहेत. इतकी मेहनत स्पॅनिश मातृभाषा असलेल्यांनाही लागली, तर आपण लाजायचं कशाला?

जाता जाता, नोकरीनिमित्त तिकडे जाणाऱ्या मुलांसाठी. बस पकडायला स्पेनमध्ये सर्रास 'कोखेर' म्हणतात. मेक्सिको आणि अर्जेंटिनात मात्र तो शब्द चारचौघांत उच्चारायचा नाही, तिथे 'तोमार' म्हणा. का, ते इथे बाप्पांसमोर आणि आजीमंडळींसमोर सांगणार नाही, नंतर बाहेर भेटा.

आरतीची वेळ झाली. गणपती बाप्पा मोरया!