टायमर लावा आणि बोला!

इअरफोन लावलेत ना? बसमध्ये असाल, मेसच्या रांगेत असाल, तरी चालेल. पण आजचा भाग नुसता ऐकून भागणार नाही, हे आधीच सांगते.

तुमच्या मेसेजमध्ये एक तक्रार सारखी येते. "ताई, इंग्रजी वाचलं की कळतं, सिनेमा सबटायटलशिवाय कळतो, पण ग्रुप डिस्कशनला बसलं की तोंडच उघडत नाही." कॅम्पस प्लेसमेंटच्या दिवशी हे महागात पडतं. आणि यावर सगळे काय सल्ला देतात? आरशासमोर उभं राहून बोल. मला तो कधी पटला नाही. आरसा मध्येच तोडत नाही, उलट प्रश्न विचारत नाही. जीडीत तर समोरचे सहाजण तुम्ही श्वास घेण्याचीच वाट बघत असतात.

अडतं कुठे? शब्द बहुतेक वेळा माहीत असतात. पण आपण आधी मराठीत वाक्य जुळवतो, मग ते इंग्रजीत नेतो, मग 'हॅज' की 'हॅव' ते तपासतो. तोवर चर्चा पुढच्या मुद्द्यावर! वेगाचे खेळ नेमका हा मधला वेळच काढून घेतात. गाण्याच्या भेंड्या आठवा ना. 'म' आला, समोरच्यांनी आकडे मोजायला सुरुवात केली, की सूर लागलाय का हे कोण बघतं? गाणं आठवलं की ओरडायचं.

इंग्रजीतला माझा सगळ्यात आवडता खेळ म्हणजे 'जस्ट अ मिनिट'. बीबीसी रेडिओवर हा कार्यक्रम १९६७ मध्ये सुरू झाला. २०१२ मध्ये त्याला ४५ वर्षं झाली, तेव्हा त्याचे दोन भाग चक्क आपल्या मुंबईत रेकॉर्ड झाले होते. खेळ सोपा वाटतो. एक विषय मिळतो, त्यावर एक मिनिट बोलायचं. अडखळायचं नाही, तोच शब्द परत वापरायचा नाही, विषय सोडायचा नाही. चुकलात की दुसरा हरकत घेतो. हरकत बरोबर निघाली तर त्याला गुण, आणि उरलेले सेकंद बोलायची पाळीही त्याचीच. शिट्टी वाजते तेव्हा जो बोलत असेल, त्याला आणखी एक गुण. इयन मेसिटर यांनी हा खेळ बसवला. शाळेत तंद्री लागलेली असताना सरांनी त्यांना पकडलं आणि गेल्या मिनिटभरात काय शिकवलं ते न अडखळता, न घोटाळता सांगायला लावलं, त्यावरून ही कल्पना सुचली असं ते सांगत. म्हणजे मूळ शिक्षेत आहे बघा!

आपण नवशिके. त्यामुळे आमच्या अभ्यासिकेतल्या रविवारच्या गटात मिनिटाऐवजी वीस सेकंद ठेवतो, आणि शब्द परत वापरायची पूर्ण मुभा. फक्त थांबायचं नाही. विषय मात्र घरचे: वडापाव, रूममेट, एसटीचा प्रवास. 'ग्लोबलायझेशन' दिलं की मराठीतही कोणी बोलत नाही.

दुसरा खेळ टाळायच्या शब्दांचा, 'टॅबू' नावाने तो विकतही मिळतो. पण विकत कशाला घ्यायचा? पाठकोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या करा. वर लिहा 'टी', खाली लिहा मिल्क, शुगर, कप, हॉट, ड्रिंक. हे पाच शब्द न वापरता आपल्या टीमला 'टी' ओळखायला लावायचं, ३० सेकंदांत. आमच्याकडे एकाने सांगितलं, "गेस्ट कम्स, मदर मेक्स, गेस्ट सेज नो नो, बट टेक्स." लगेच ओळखलं! व्याकरण बाजूला ठेवा, या पोराने केलं ते खऱ्या संभाषणात रोज लागतं. शब्द आठवला नाही की वळसा घालून अर्थापर्यंत पोचायचं. मुंडावळ्या, पाटा-वरवंटा, उंबरठा हेही चिठ्ठ्यांवर घाला, मजा येते.

पण या दोन्ही खेळांत एक गोची आहे. ज्याला येतं तोच बोलत सुटतो. आमच्या गटात एक मुलगी सलग तीन रविवार आली, मनापासून हसली, आणि एक वाक्य बोलली नाही. तिच्यासाठी उपयोगी पडला चार-तीन-दोन. ही पद्धत किथ मॉरिस यांनी मांडली आणि न्यूझीलंडचे भाषाशिक्षक पॉल नेशन यांच्या लिखाणातून ती बरीच पसरली. जोड्या करायच्या. एक विषय चार मिनिटं एकाला सांगायचा. मग जोडीदार बदलायचा, तीच गोष्ट तीन मिनिटांत. पुन्हा बदल, दोन मिनिटांत. ऐकणारा दर वेळी नवा, म्हणून तो कंटाळत नाही. सांगणाऱ्याची वाक्यं एव्हाना तयार असतात, म्हणून वेग वाढतो. आणि ऐकायला समोर एकच माणूस! त्या मुलीने गावच्या जत्रेचं सांगितलं. पहिल्या फेरीत चार मिनिटं भरता भरेनात, तिसरीत टायमर वाजला तरी तिची बैलगाडी निम्म्या वाटेवर होती. "थांबा ना, संपू दे," म्हणाली. मराठीत म्हणाली, पण म्हणाली!

एका प्रकारावर मात्र माझा राग आहे: चुकला की बाद. ज्याला बोलायची सगळ्यात जास्त गरज आहे, तोच पहिल्या मिनिटात बाहेर बसून मोबाइल बघतो. असे खेळ वाढदिवसाला ठेवा. तसंच, खेळ चालू असताना चूक दुरुस्त करायला मध्ये पडू नका. वहीत टिपा आणि फेरी संपल्यावर दोन-तीनच सांगा, त्याही कोणाच्या ते न सांगता. आणि हो, या खेळांनी नवं व्याकरण येत नाही, नवे शब्दही फारसे येत नाहीत. त्यासाठी वाचावं लागतं, ऐकावं लागतं. आत साठलंय ते बाहेर काढायला मात्र हे खेळ झकास.

सुरुवातीला चारजण पुरेत. होस्टेलची गच्ची आणि फोनचा टायमर, बास. आज रात्री चार-तीन-दोन करून बघा, विषय घ्या 'माझ्या गल्लीतला सगळ्यात विचित्र माणूस'. तिसऱ्या फेरीचा ऑडिओ मला पाठवा, दोन मिनिटांचाच हं. पुढच्या आठवड्यात भेटू.