बांबूचे बेट राखायचे कोणी?

(जिल्हा बैठकीतील भाषण)



वनहक्काचा विषय शेतकऱ्यांच्या बैठकीत कशाला, असे काही जणांनी विचारले. आमच्या मालाची वाहतूक आणि विक्री सरकारने अडवू नये म्हणून आपण रस्त्यावर उतरतो. मग जंगलातल्या मालाला वेगळा न्याय का?

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. पण बांबू विकायला वाहतूक परवाना मिळेना. बांबू झाड की गवत, यावर घोडे अडले! शेतकी कॉलेजात आम्ही शिकलो की बांबू गवताच्या कुळातला, ज्वारी-उसाचा भाऊबंद. १९२७ च्या वन कायद्यात मात्र तो झाड. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्याला गौण वनोपज ठरवले, तरी खाते जुनेच पुस्तक वाचत राहिले. अखेर एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. जुन्या कायद्यातल्या झाडांच्या यादीतून बांबूचे नाव गेले ते २०१७ साली.

आता जंगल राखण्याचे बघा. बांबूचा कोंब एका पावसाळ्यात पुरती उंची गाठतो, पण काठी पक्की व्हायला तीनेक वर्षे लागतात. कोवळ्या काठ्या तोडल्या की नव्या कोंबांना पोसणारे कोणी उरत नाही, बेट खुरटते. ज्याचा ठेका हंगामापुरता, त्याला तीन वर्षांनंतरचे काय? ज्याला त्याच बेटाकडे पुन्हा पुन्हा यायचे आहे, तो कोवळ्या काठीला कोयता लावू देत नाही. हक्क काढून घ्यायचा आणि वर संवर्धनाचे धडे द्यायचे, ही शहाण्यांची जुनी खोड आहे.

१३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलेल्या दावेदारांना हटवण्याचा आदेश दिला. २८ तारखेला तो स्थगित झाला. मधले पंधरा दिवस लाखो घरांचा जीव टांगणीला होता.

म्हणून कागद पक्के करा. ग्रामसभेला निम्मी हजेरी हवी, हजर असणाऱ्यांत एक तृतीयांश बाया हव्यात. म्हाताऱ्या माणसांचे लेखी जबाब पुरावा म्हणून चालतात, ते आत्ताच घ्या. दावा फेटाळला तर कारण लेखी मागा आणि साठ दिवसांत वरच्या समितीकडे जा. कोणत्या गावाचा दावा कोणत्या टेबलावर अडला आहे, त्याची तालुकावार यादी पुढच्या बैठकीला घेऊन या.