बीजगणित करणारी यंत्रे



शार्ल देलोने या फ्रेंच ज्योतिर्विदाने चंद्राच्या गतीची सूत्रे मांडण्यात वीस वर्षे वेचली; दहा गणितात आणि दहा ते गणित तपासण्यात. १८६० आणि १८६७ साली त्याचे दोन जाडजूड खंड प्रसिद्ध झाले. १९७० साली तेच काम संगणकाकडून पुन्हा करवून घेण्यात आले, तेव्हा सुमारे वीस तास लागले. चुका तीन निघाल्या आणि त्यांतल्याही दोन पहिलीच्याच पोटी जन्मलेल्या! मला तर यंत्राच्या वेगाहून देलोनेच्या चिकाटीचेच नवल अधिक वाटते.

येथे संगणकाने आकडेमोड केली नव्हती, बीजगणित केले होते. अशी प्रणाली एक-तृतीयांशाचे दशांश अपूर्णांकात रूपांतर करीत नाही. तो तसाच अचूक ठेवते आणि 'क्ष'लाही 'क्ष' म्हणूनच वागविते.

आता, यांतली उत्तम प्रणाली कोणती, असे मला नेहमी विचारले जाते. प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. प्रत्येक प्रणालीवर तिच्या जन्मघराचा संस्कार असतो. अँथनी हर्न यांची 'रिड्यूस' पदार्थविज्ञानाच्या गरजेतून निघाली. 'गॅप' १९८६ साली आखेन येथे गट सिद्धांतासाठी सुरू झाली. 'पारी' बोर्दो येथील संख्या सिद्धांतज्ञांची. गटांचा अभ्यास करणाऱ्याने 'गॅप' सोडून सर्वसाधारण प्रणालीकडे जाणे म्हणजे सोनाराचे काम लोहाराकडे नेणे होय.

सर्वसाधारण प्रणालींतही मतभेद आहेतच. 'क्ष'च्या वर्गाचे वर्गमूळ विचारून पाहा. 'मॅक्सिमा' 'क्ष'चे केवल मूल्य सांगते, कारण 'क्ष' ही सत् संख्या आहे असे ती गृहीत धरते. 'मॅथेमॅटिका' मात्र ते पद तसेच ठेवते, कारण 'क्ष' सदसत् संख्याही असू शकेल. दोघींपैकी कोणीही चुकत नाही. गृहीते निराळी आहेत आणि ती आपण विचारल्यावाचून कळत नाहीत.

परंतु खरी चूकही होते. तीन स्पॅनिश गणितज्ञांनी २०१४ साली आपला अनुभव प्रसिद्ध केला. मोठमोठ्या पूर्णांकांच्या आव्यूहाचा निर्धारक ते 'मॅथेमॅटिका'कडून काढीत होते. एकाच आव्यूहाचा निर्धारक दोनदा काढला, तर उत्तरे दोन वेगवेगळी आली! पूर्णांकांच्या गणितात अंदाजाला जागाच नसते. तेव्हा ही स्थूलमानाची चूक नव्हे. 'मॅपल' या दुसऱ्या प्रणालीशी ताडून पाहिल्यावर घोटाळा पक्का झाला. पण तो नेमका कोठे होता, हे त्यांना पाहता येईना. 'मॅथेमॅटिका'ची आज्ञावली व्यापारी गुपित आहे.

'मॅक्सिमा', 'गॅप', 'पारी' यांची आज्ञावली मात्र कोणालाही उघडून वाचता येते. १९६८ साली एमआयटीत सुरू झालेल्या 'मॅक्सिमा'च्या पूर्वजाची एक प्रत विल्यम शेल्टर यांनी १९८२पासून एकहाती सांभाळली आणि १९९८ साली ती सर्वांना खुली करण्याची परवानगी मिळविली. तिचा चेहरामोहरा जुना आहे, काही समाकलनांत ती अडखळते, हे मान्य करावे लागेल. तरीही सिद्धता प्रसिद्ध करावयाची असेल, तर मी गणित दोन प्रणालींवर करीन, आणि त्यांतली एक तरी खुली असेल. 'मॅपल' आणि 'मॅथेमॅटिका' या दोघींच्या जोडीवर मी थांबणार नाही.