दोष कोणाचा आणि कारण कोणते?



कामगाराचा हात यंत्रात सापडला की पहिला प्रश्न येतो, "त्याचे लक्ष कुठे होते?" पट्ट्यावर जाळी का नव्हती, हे मागाहून युनियनला विचारावे लागते. दोषी शोधणे सोपे असते, कारण शोधणे कष्टाचे. त्या कष्टाची एक गोष्ट आज सांगतो.

एकोणिसाव्या शतकात युरोपातील अंधशाळांत कित्येक मुले अशी होती की, ती जन्मली तेव्हा त्यांचे डोळे चांगले होते. दोन-चार दिवसांत पापण्या सुजत, पू वाहू लागे, बुबुळावर व्रण पडे आणि दृष्टी कायमची जाई. कोणी म्हणे, प्रखर उजेड बाधला. कोणी म्हणे, गार वारा लागला. जर्मनीत लाइपझिगच्या प्रसूतिगृहात शेकडा दहाच्या आसपास बालकांना हा विकार होई. तेथील प्रमुख कार्ल क्रेडे या प्रश्नाच्या मागे लागले.

आईला परमा असेल तर प्रसूतीच्या वेळी तिचा स्राव बाळाच्या डोळ्यांत जातो, एवढे त्यांना दिसत होते. १८७९ साली आल्बर्ट नायसर यांनी त्या रोगाचे जंतूही शोधून काढले. क्रेडे यांनी आधी आयांवर उपचार केले. विकार हटला नाही. मग रोगी आयांच्या बाळांचे डोळे औषधाने धुतले. ती बाळे वाचली. पण निरोगी समजलेल्या आयांची बाळे मात्र आजारी पडत राहिली!

येथेच त्या माणसाचे मोठेपण आहे. जून १८८० पासून त्यांनी नियम केला : आई कोण, कशी, हे न विचारता प्रत्येक बाळाचे डोळे पुसायचे आणि सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाचा एकेक थेंब काचेच्या कांडीने सोडायचा. विकाराचे प्रमाण शेकडा एकाच्याही खाली आले. १८८१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले.

प्रसूतिगृहात येणाऱ्या बाया बहुतेक गरीब, त्यांत कित्येक अविवाहित. रोग पुष्कळदा पुरुषाकडून आलेला, बोट मात्र बाईकडे! तिच्या चारित्र्याची चौकशी करीत बसले असते, तर तिने लपवले असते आणि बाळ आंधळे झाले असते. जिला स्वतःलाच रोगाचा पत्ता नाही, ती तरी काय सांगणार? सर्वांना एकच नियम लावला, म्हणून कोणाचीही मान खाली गेली नाही आणि डोळे वाचले.

पुढे पेनिसिलिन आले, आणखी औषधे आली. तो जुना थेंब बहुतेक ठिकाणी मागे पडला. गरोदरपणीच तपासणी व उपचार करणे आज अधिक बरे मानतात. औषध बदलले, तरी त्यामागचा विचार जुना झालेला नाही. संरक्षण हे लायकी पाहून द्यायचे बक्षीस नव्हे. ते सर्वांना मिळाले, तरच त्यातून कोणी सुटत नाही.