गणिताची पदवी : तिला काय लागते ?

(शिरूर अनंतपाळ येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आज येथे आपल्या गुणवंत मुलामुलींचा सत्कार झाला, तो पाहून आम्हांस फार समाधान वाटले. त्यानंतर दोन शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने आम्हांस केली आणि विषय मात्र आम्ही आपण होऊन मागून घेतला. सत्काराच्या दिवशी गणितासारखा रुक्ष विषय कशाला, असे कोणास वाटेल. त्याचे कारण प्रथमच सांगून टाकतो. ते कारण आमच्याच एका चुकीत आहे.

काही वर्षांपूर्वी आपल्यापैकी एका घरातील मुलगी दहावीस गणितात उत्तम गुण मिळवून उत्तीर्ण झाली. तिचे वडील सल्ल्यासाठी आमच्याकडे आले. लातूरची वाट आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. तेथून डॉक्टर झालेल्या मुलांची नावे घरोघर घेतली जातात. आम्ही सांगितले, "अकरावीस जीवशास्त्र घ्यावे; वर गणिताचे ओझे कशाला ?" मुलीने वडीलधाऱ्यांचा शब्द मानला. वैद्यकीय प्रवेशपरीक्षा दोन वेळा देऊनही तिला जागा मिळाली नाही. तेव्हा ती म्हणाली, "मला मुळात गणितच आवडत होते, आता त्यातच पदवी घेते." महाविद्यालयात तिला पहिलाच प्रश्न विचारला गेला, "बारावीस गणित होते काय ?" ते नव्हते. तिला परतावे लागले. नियम नियमाच्या जागी योग्यच होता. चूक सल्ला देणाराची होती. ती पुन्हा कोणाच्या घरी होऊ नये, एवढ्यासाठी हे भाषण.

तेव्हा पहिली अट ध्यानात ठेवावी : गणिताच्या पदवीची वाट बारावीच्या गणितातून जाते. ज्या मुलास वैद्यकाकडे जावयाचे आहे, पण गणिताचीही गोडी आहे, त्याने अकरावीस जीवशास्त्र आणि गणित हे दोन्ही विषय घ्यावेत. तशी मुभा आहे. श्रम अधिक पडतात, परंतु दोन्ही दारे उघडी राहतात. ज्याचे गणित सुटले आहे, त्याला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून बारावीचा एखादाच विषय देता येतो. मात्र इच्छित महाविद्यालय तो ग्राह्य धरील की नाही, हे आधी लेखी विचारून घ्यावे.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी ही वाट किती बिकट होती, याचे स्मरण तरुणांनी ठेवावे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. उच्च शिक्षणासाठी हैदराबादेस जावे, तर १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षण उर्दू माध्यमातून चाले; नाही तर पुणे-मुंबई गाठावी. पुढे १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले, १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ झाले, १९६१ साली लातुरास दयानंद व १९७० साली राजर्षी शाहू महाविद्यालय उभे राहिले. १९९४ साली नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. आज आपला लातूर जिल्हा त्याच्याच कक्षेत येतो. जे पूर्वी परमुलखी शोधावे लागे, ते आता बसच्या पल्ल्यात आले आहे.

आता पदवीचे स्वरूप पाहू. पूर्वी बी. एस्सी. म्हणजे तीन विषय समान वजनाने तीन वर्षे शिकणे, अशी सर्वसाधारण पद्धत होती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर ती पालटली. आता मोजदाद श्रेयांकांनी होते. व्याख्यानांचा एक श्रेयांक म्हणजे एका सत्रात १५ तासांचे अध्यापन. प्रात्यक्षिकास त्याच्या दुप्पट तास लागतात. तीन वर्षांच्या पदवीस किमान १२० श्रेयांक मिळवावे लागतात आणि चार वर्षांच्या सन्मान पदवीस किमान १६०. मुख्य विषय गणित असला, तरी सर्व श्रेयांक गणिताचे नसतात. त्यांबरोबर दुय्यम विषय, भाषा, भारतीय ज्ञानपरंपरा, कौशल्याचे पाठ, प्रत्यक्ष कामाचा अनुभव, समाजसेवा हीही पुरी करावी लागतात. "हे तर किरकोळ" म्हणून जो त्यांकडे दुर्लक्ष करतो, त्याची पदवी गणितात उत्तम गुण असूनही अडून राहते. अडचणीमुळे एखाद्यास मध्येच थांबावे लागले, तर ठरलेल्या अटी पूर्ण केल्यावर पहिल्या वर्षाअखेर प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षाअखेर पदविका मिळते, व पुढे परत येता येते. शेतीवर संसार असलेल्या आपल्यासारख्यांना ही सोय लहान नव्हे. एक वर्ष सोयाबीन गेले म्हणून मुलाचे शिक्षण कायमचे संपले, असे आता होण्याचे कारण नाही.

परंतु श्रेयांक हे केवळ माप होय. मापात घालावयाचे धान्य निराळे. पहिल्या वर्षी कलनशास्त्र व बीजगणित ओळखीचे वाटते. त्यानंतर अवकल समीकरणे, वास्तव संख्यांचे विश्लेषण, गटसिद्धांत, रेखीय बीजगणित, सदसत् संख्यांचे शास्त्र असे विषय येतात आणि तेथे पुष्कळ हुशार मुले गोंधळतात. शाळेत उत्तर काढावयाचे असते. येथे सिद्धता द्यावयाची असते. उदाहरण साधे घेऊ. दोन विषम संख्यांची बेरीज सम येते, हे ३ आणि ५ घेऊन, ७ आणि ९ घेऊन पाहता येईल. पण शंभर उदाहरणे पाहूनही ते सिद्ध होत नाही. विषम संख्या म्हणजे जोड्या लावून एक उरणारी. दोन्हींकडचे उरलेले एकेक मिळून नवी जोडी होते, म्हणून काहीच उरत नाही. ही झाली सिद्धता. ती पाठ करून येत नाही, समजून घ्यावी लागते. शिकवणीवर्गात झटपट उत्तराची सवय लागलेल्या मुलाने हे आधीच जाणावे. तसेच बहुतेक पाठ्यग्रंथ इंग्रजीत आहेत. सुरुवातीचे सहा महिने कोश हाताशी ठेवून वाचावे, त्यात कमीपणा नाही.

या विद्येस मोठी साधनसामग्री लागत नाही, याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. देवळालीचे शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांच्याजवळ बी. एस्सी.च्या पुढची पदवी नव्हती. तरी ६१७४ ही संख्या त्यांच्या नावाने जगभर ओळखली जाते. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, समजा ३५२४. अंक उतरत्या क्रमाने ५४३२, चढत्या क्रमाने २३४५, वजाबाकी ३०८७. पुन्हा तसेच केले की ८३५२, आणि मग ६१७४. पुढे तीच संख्या येत राहते. आज रात्री घरी मुलांना घेऊन हे करून पाहावे; सात पायऱ्यांच्या आत उत्तर येईल.

पदवीनंतर काय, हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. बी. एड. करून शिक्षक होता येते, एम. एस्सी. नांदेडच्या विद्यापीठातच करता येते किंवा 'जॅम' ही प्रवेशपरीक्षा देऊन आय. आय. टी.त जाता येते. संख्याशास्त्र, विमागणित, बँका, संगणक ही क्षेत्रेही आहेत. पदवी घेताच नोकरी हाती पडेल, असे आम्ही म्हणणार नाही. चांगला पाया असलेल्यास पुढे अनेक वाटा फुटतात, एवढे मात्र निश्चित.

शेवटी मंडळास एक विनंती. पदवीची जुनी पुस्तके ज्यांच्या घरी पडून आहेत, त्यांनी ती मंडळाच्या कपाटात आणून द्यावीत. आणि दहावीचा निकाल लागताच एक दिवस पालक व पदवीधर यांनी एकत्र बसावे. विषय निवडण्यापूर्वी मुलास, आणि मुलीसही, एकदा विचारावे, "तुला काय आवडते ?" आम्ही त्या दिवशी तेवढेच विचारावयाचे विसरलो होतो.

ती मुलगी आज बारावीचे गणित नव्याने अभ्यासीत आहे, आणि रविवारी दोन तास आम्ही तिच्याजवळ बसतो. आता तिचीच आम्हांस शिकवणी होते. परमेश्वर तिला यश देवो.