मणाच्या धोंड्याचे चार तुकडे

मंडळी, मे महिना आहे. पेणच्या कारखान्यांत गणपतीचे साचे केव्हाच कामाला लागलेत, तेव्हा पहिलं कोडं तिथलंच घेऊ. कारागिराने सुकलेल्या मूर्ती रांगेत मांडायला घेतल्या. दोन-दोनच्या रांगा केल्या, एक मूर्ती उरली. तीन-तीनच्या केल्या, एक उरली. चार, पाच, सहा, काहीही करा, एक उरतेच. सात-सातच्या केल्या आणि एकही उरली नाही. मूर्ती कमीत कमी किती?

मागून आवाज आला, ३०१. बरोबर आहे. पण कसं, ते सांगा. "मोबाइलवर आलं होतं." वाटलंच मला! कोडी आपल्याकडे अशीच फिरतात, खाली उत्तर लिहून. उत्तर कळलं की माणूस ते पुढच्या ग्रुपवर ढकलतो आणि मोकळा होतो. माझी तक्रार एवढीच आहे की मजा उत्तराच्या अलीकडे असते आणि तिथे कुणी थांबत नाही.

थांबून बघू. दोनपासून सहापर्यंत सगळ्यांनी भागल्यावर एक उरतो, म्हणजे ती एक मूर्ती बाजूला ठेवली तर बाकीच्यांना या सगळ्यांनी भाग जातो. अशी सर्वांत लहान संख्या ६०. म्हणजे मूर्ती ६१ असतील, १२१ असतील, १८१ असतील. आता सातचं बघा. साठाला सातने भागलं की चार उरतात. म्हणून साठ जितक्या वेळा घेऊ तितके चार, अधिक बाजूची एक मूर्ती, या बेरजेला सातने भाग गेला पाहिजे. पाच वेळा घेतले की चार पंचे वीस आणि एक, एकवीस. भाग गेला. पाच साठे तीनशे, वर एक. यानंतरचं उत्तर ४२० पुढे, म्हणजे ७२१. या जातीच्या हिशेबाला आपल्या जुन्या गणितात कुट्टक म्हणतात. आर्यभटाने तो इसवी सन ४९९ च्या सुमारास मांडला.

या 'कसं' आणि 'का'ला शास्त्रात उपपत्ती म्हणतात, आणि तिच्यासाठी आपल्याला जिल्ह्याबाहेर जायची गरज नाही. काशीद ओलांडून मुरुडकडे निघालं की नांदगाव लागतं. तिथे सोळाव्या शतकात गणेश दैवज्ञ होऊन गेले. त्यांचा 'ग्रहलाघव' हा ग्रंथ १५२० चा. पुढे कित्येक पिढ्या पंचांगं त्यावरून तयार झाली. भास्कराचार्यांची 'लीलावती' ११५० ची. तिच्यात भुंगे, हंस, हत्ती, मोर, साप असा सगळा प्राणिसंग्रह गणितं घालायला उभा आहे. गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये तिच्यावर 'बुद्धिविलासिनी' ही टीका लिहिली. भास्कराचार्य रीत सांगतात, ही टीका रीत का चालते ते सांगते. त्या काळी आडबाजूच्या किनाऱ्यावरच्या एका गावात बसून कुणाला तरी वाटलं की नुसतं उत्तर पुरे नाही, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

आता माझं सर्वांत आवडतं कोडं. एका व्यापाऱ्याकडे मणाचा धोंडा होता. तरुण मंडळींसाठी सांगतो, मण म्हणजे चाळीस शेर. किलो आपल्याकडे १९५८ पासून यायला लागला. धोंडा हातातून निसटला आणि त्याचे चार तुकडे झाले. व्यापारी कपाळाला हात लावून बसला. मग तुकडे तोलून बघितले आणि हसायला लागला. कारण त्या चार तुकड्यांनी आता एक शेरापासून चाळीस शेरापर्यंत कुठलंही पुरं शेराचं वजन करता येत होतं. तुकडे केवढे?

बहुतेक जण १, २, ४, ८ पासून सुरुवात करतात आणि पंधरावर अडतात. अडचण अशी की आपण वजनं एकाच पारड्यात टाकतो. बाजारात माल एका बाजूला, वजन दुसऱ्या बाजूला, ही सवय. पण मालाच्या पारड्यातही वजन टाकायला कुणी बंदी केलेली नाही! तुकडे आहेत १, ३, ९ आणि २७. दोन शेर माल हवा? तीनचा तुकडा एकीकडे, माल आणि एकचा तुकडा दुसरीकडे. पाच शेर हवा? नऊचा एकीकडे, मालाशेजारी तीन आणि एक. वीस? सत्तावीस आणि तीन एका पारड्यात, झाले तीस. दुसऱ्यात माल, नऊ आणि एक.

चौदा तुम्ही करून बघा. मला 'का' सांगायचं आहे. प्रत्येक तुकड्याला तीनच जागा: मालाच्या पारड्यात, समोरच्या पारड्यात, किंवा खाली जमिनीवर. चार तुकडे, म्हणून तीन गुणिले तीन चार वेळा, एकूण ८१ मांडण्या. त्यांतली एक फुकट जाते, सगळे तुकडे जमिनीवर असतात ती. उरल्या ८०. पारड्यांची अदलाबदल केली की जोडीची मांडणी मिळते, म्हणून खरी वजनं निम्मी, ४०. चाळीस मांडण्या, चाळीस वजनं. एकही मांडणी वाया नाही, एकही दोनदा नाही. १, ३, ९, २७ हे आकडे पाठ करणाऱ्याला कोडं सुटलं; हे ८१ पाहणाऱ्याला पाचवा तुकडा आला तर १२१ शेरापर्यंत जाता येईल, हे न विचारता कळतं. फ्रान्समध्ये बाशे नावाच्या गृहस्थांनी १६१२ मध्ये हेच कोडं छापलं, त्यांच्याकडे शेराऐवजी पौंड.

आता रस्त्याचं. पेणहून रोह्याला एस.टी. ताशी २० किलोमीटरने गेली. वडखळचा नाका, खड्डे, तुम्हाला कारण सांगायला नको. येताना केवढ्या वेगाने आली तर येण्याजाण्याची सरासरी ताशी ४० पडेल? हात वर करून सगळे ६० म्हणतायत. नाही. जाऊन-येऊन अंतर दुप्पट आणि वेगही दुप्पट हवा, म्हणजे वेळ लागणार तेवढाच, जेवढा जातानाच संपून गेला. येताना गाडीला शून्य वेळात यायला हवं. मुलं अंतर दिलेलं नाही म्हणून कुरकुरतात. ते लागतच नाही.

हरवलेल्या दहा रुपयांचं कोडं मात्र मला फारसं आवडत नाही. रोह्यातल्या लॉजवर तिघे पाहुणे, प्रत्येकी शंभर. मालकाने पन्नास परत पाठवले, पोऱ्याने वीस खिशात टाकून तिघांना दहा-दहा दिले. नव्वद त्रिक दोनशे सत्तर, पोऱ्याचे वीस, दोनशे नव्वद; दहा कुठे गेले? कुठेच नाही. पोऱ्याचे वीस त्या दोनशे सत्तरच्या पोटातच आहेत, त्यांची बेरीज करायचं कारणच नाही. हा आकड्यांचा नव्हे, बोलण्याचा डाव आहे.

शेवटी कापरेकर. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म डहाणूचा, १९०५ चा. फर्ग्युसनमध्ये शिकले, आणि १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर होते. आपली रोह्याची गाडी दिव्याला पोचते, तिथून जवळच्याच डोंबिवली स्टेशनावरून त्यांनी काही संख्यांना 'डेम्लो' नाव दिलं. मोठमोठ्या गणितज्ञांना हा पोरखेळ वाटायचा. १९७५ मध्ये अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं, तेव्हा जग वळून बघायला लागलं.

त्यांचं जन्मसालच घेऊ, १९०५. आकडे उतरत्या क्रमाने लावा, ९५१०. चढत्या क्रमाने, ०१५९. वजा करा, ९३५१. पुन्हा तेच करत राहा: ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. आता ६१७४ चं करा: ७६४१ वजा १४६७, परत ६१७४. गाडी थांबली. चारही आकडे सारखे नसले की कुठलीही चार आकडी संख्या इथेच येते, आणि सातापेक्षा जास्त पायऱ्या लागत नाहीत. हे त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडलं.

जवळजवळ दहा हजार संख्या कशा तपासणार? तपासायच्या नसतातच. वजाबाकी मांडून बघा. पहिल्या आणि चौथ्या आकड्यातला फरक ९९९ ने गुणला जातो, मधल्या दोघांतला ९० ने. बाकी कशाचा संबंध नाही. पहिला फरक १ ते ९, मधला फरक शून्यापासून त्याच्याइतका, म्हणजे २ अधिक ३ असं १० पर्यंत, बेरीज ५४. चोपन्न वजाबाक्या एका संध्याकाळी होतात. ६१७४ मध्ये फरक ६ आणि २: ५९९४ आणि १८०.

तीन आकडी संख्या ४९५ वर थांबतात, तिथे तर नऊच वजाबाक्या. पाच आकडींना मुक्कामच नाही. ५३९५५ घ्या: ९५५५३ वजा ३५५५९, आले ५९९९४, त्याचं तेच केलं की पुन्हा ५३९५५. अशा आणखी दोन फेऱ्या आहेत, चार-चार संख्यांच्या. त्या तुम्ही शोधा. कोरे कागद दाराजवळच्या टेबलावर ठेवलेत.